मोत्यांच्या सेटमागचा लाल ठिपका

आमच्या मोठ्या जाऊबाई लग्नाला जात नाहीत. कुणाच्याच. आमंत्रण आलं की त्या तारीख विचारतात, हॉल कुठला ते विचारतात, भेटवस्तू माझ्या हातात देतात आणि म्हणतात, “गुडघा धरलाय म्हणून सांग.” त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्यापेक्षा ठणठणीत आहे. दिवसभर त्या जिना कसा चढतात-उतरतात ते मी रोज बघते. माझ्या सख्ख्या भावाच्या लग्नातही त्यांनी गुडघाच पुढे केला, तेव्हा मी बरेच दिवस फुरंगटून बसले होते. स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच आपटायची. काय झालं म्हणून त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि त्याचा मला आणखी राग यायचा.

शेवटी मीच विचारलं. जाऊबाई दागिन्यांचे सेट भाड्याने देतात. गळ्यातलं आणि त्याला जुळणारी कानातली, असा सेट. लग्न, सत्कार, ऑफिसातलं मोठं जेवण, कॉलेजचा निरोप, जिथे बायका नटून जातात तिथे आमच्या घरातला एखादा तरी सेट गेलेला असतोच. सगळे खोटे, पण जाऊबाईंच्या भाषेत ‘चांगले खोटे’. आता अशा हॉलमध्ये जाऊबाई दारातून आत शिरल्या, तर ज्या ज्या बाईने त्यांच्याकडून सेट नेलाय तिचा हात आपोआप गळ्याकडे जाणार. पुढचा सगळा वेळ ती बिचारी खांबाआड उभी. “एवढं नटून गेलेल्या बाईच्या पोटात मी गोळा आणायचा का?” असं त्या म्हणाल्या. मला पटलं. भांडी आपटणं मी त्या दिवसापासून बंद केलं, म्हणजे त्या कारणासाठी तरी.

आमचं घर चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानावर आहे. खाली दिवसभर किल्ल्या घासल्याचा कर्रकर्र आवाज, वर आमची दोन बिऱ्हाडं आणि मध्ये एक स्वयंपाकघर. रस्त्याकडच्या खोलीत जाऊबाईंचा धंदा. भिंतभर फळ्या, फळ्यांवर चपटे खोके, खिडकीपाशी आरसा आणि आरशासमोर पाठ नसलेलं स्टूल. पाठ असली की बायका टेकून बसतात आणि मान आत जाते, म्हणून ते स्टूल. आरसा खिडकीत ठेवलाय, कारण दिवसाच्या उजेडात जे खपतं ते कुठेही खपतं.

भावजी गेले तेव्हा जाऊबाईंची मुलगी, आमची छकुली, शाळेतही जात नव्हती. जाऊबाईंकडे त्यांच्या लग्नातला एकच सेट होता, तोही खोटा. पण आजूबाजूच्या बायका मुलाखतीला, समारंभाला तो मागून न्यायच्या. एकीने तो हूक तुटलेला परत आणला आणि वर म्हणाली, तुमचा हूक आधीच सैल होता. जाऊबाईंनी ऐकून घेतलं, हूक बसवून आणला आणि दुसऱ्या दिवसापासून भाडं सुरू केलं. जिने तोडला तीच पहिली गिऱ्हाईक. अजून येते, आणि अजून तिला हूक सैलच वाटतो.

काम बघाल तर सोपं नाही. बाई आली की जाऊबाई तिला स्टुलावर बसवतात, कुठे जायचंय आणि कपड्याचा गळा कसा आहे ते विचारतात, आणि सेट चढवला की म्हणतात, “आता हसा.” नव्या बायका बावरतात. पण हसताना मान मागे जाते, आणि लोंबती कानातली गळ्यातल्यात अडकत असतील तर तेव्हाच कळतं. समारंभात बाई हसणार नाही तर काय करणार? ज्यांच्या कानांना खाज सुटते त्यांच्यासाठी कानातल्याच्या दांडीवर त्या बिनरंगी नेलपेंटचा हात देतात, वाळू देतात आणि मग कानात घालतात. सेट परत आला की मऊ फडक्याने घाम पुसायचा, फिरक्या मोजायच्या, अत्तराचा वास येत असेल तर उघड्यावर ठेवायचा आणि मगच खोक्यात. शिवाय प्रत्येक गळ्यातल्याच्या आणि प्रत्येक कानातल्याच्या मागे लाल नेलपेंटचा एक बारीक ठिपका. तो ठिपका म्हणजे ही वस्तू फळीवरची. ठिपक्याच्या वस्तूला छकुलीने हात लावायचा नाही. लहानपणी ती आरशासमोर जाऊन उभी राहिली की जाऊबाई म्हणायच्या, “गिऱ्हाइकाचं आहे ते.” पोर रडायची. मला दया यायची, पण त्या खोलीत माझं काही चालत नाही.

गिऱ्हाइकाचं नाव विचारायचं नाही, हा दुसरा नियम. रस्त्यात भेटली तर आपण होऊन ओळख दाखवायची नाही. आणि कुणी काय नेलं ते दुसरीपाशी काढायचं नाही, घरातही नाही. “गळ्याचं बोलायचं नसतं,” एवढंच त्या म्हणतात. माझी जीभ जरा सैल आहे, हे मलाही ठाऊक आहे, म्हणून दार उघडायचं काम माझ्याकडे असलं तरी नावं मला कधी कळत नाहीत. मग मी माझी नावं ठेवते. एक गॉगलवाल्या बाई आहेत. ऊन असो नसो, जिना चढताना डोळ्यांवर काळा चष्मा, आणि दार उघडताच पहिला प्रश्न, “आत कुणी आहे का?” दुसऱ्या मोतीवाल्या बाई.

या मोतीवाल्या बाई पहिल्यांदा आल्या त्या फोटो घेऊन. त्यांच्या लग्नातला फोटो, गळ्यात तीन पदरी मोत्यांचा सेट, माहेरचा. खरा सेट त्यांनी मुलाच्या शिक्षणासाठी विकला होता. हे त्यांच्या नवऱ्यालाच तेवढं माहीत. सासरच्या बाकी कुणाला नाही. त्यातही त्यांना एक नणंद होती, म्हणजे अजून आहे, आणि तिच्या तोंडी लागण्यापेक्षा मोती गिळलेले बरे असं त्या म्हणाल्या. कुटुंबात समारंभ आला होता आणि गळा मोकळा दिसला तर नणंद खनपटीला बसणार होती. जाऊबाईंनी फोटो खिडकीत धरून बराच वेळ बघितला. मग त्यांनी चार ठिकाणांहून मोती आणले, मधलं पदक दुसऱ्याच एका सेटमधून काढलं, आणि पंधरवड्यात फोटोतला सेट हुबेहूब उभा केला. नव्या मोत्यांचा चकचकीतपणा जावा म्हणून ते चहाच्या पाण्यात बुडवून जुने केले. तो चहा मी गाळला होता, म्हणून मला माहीत.

त्या बाईंच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती. मुलगा तान्हा असताना त्याने लोंबतं कानातलं धरून ओढलं होतं. म्हणून जाऊबाईंनी डाव्या कानातल्याची दांडी काढून चाप बसवला, उजवं तसंच ठेवलं. हा सेट त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी दिला नाही. धंद्याच्या दृष्टीने हे बरोबर नव्हतं, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या, चापाचं एक आणि दांडीचं एक कोण नेणार? नेलं असतं कुणीही. पण ताकास तूर लागू द्यायची नाही म्हटल्यावर मी काय बोलणार.

एवढं सगळं सांगायचं कारण, छकुलीचं लग्न.

छकुली आता नोकरी करते. तिच्या ऑफिसात एक मुलगा होता, शांत, थोडा वेंधळा, पण तिच्याशिवाय त्याचं पान हलत नव्हतं आणि त्याच्याशिवाय तिचं. एका संध्याकाळी तिने आम्हा दोघींना स्वयंपाकघरात बसवलं आणि फोनवर त्याच्या घरच्यांचा फोटो दाखवला. मुलगा, वडील, आणि मध्ये आई. आईच्या गळ्यात तीन पदरी मोती. मी तोंड उघडलं, तेवढ्यात टेबलाखाली जाऊबाईंनी माझ्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. त्या फोटोकडे बघत म्हणाल्या, “माणसं चांगली दिसतात.” छकुली खूश झाली. तिला वाटलं, मी बोलले नाही ते आनंदाने.

तिकडे मुलाने घरी सांगितलं. मुलीचं घर कुठलं, आई काय करते, सगळं सांगितलं. त्याच्या आईने पत्ता पुन्हा एकदा विचारून घेतला. मग म्हणाली, मुलगी चांगली असेल, पण माझं मन होत नाही. मुलगा मागेच लागला तेव्हा म्हणाली, मला तो भाड्याने दागिने द्यायचा धंदा पसंत नाही. मुलगा भाबडा, त्याने हे जसंच्या तसं छकुलीला सांगितलं. छकुलीने ते घरी आणलं.

माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. जी बाई इतकी वर्षं आमच्या जिन्याने चोरपावलांनी येते, तिला आमचा धंदा पसंत नाही! पण मी शांतपणे विचार केला तेव्हा (शांतपणे विचार करायला मला दोन दिवस लागतात) मला त्या बाईची भीती दिसली. भाड्याने दागिने देणारी बाई घरची विहीण झाली, तर ती प्रत्येक कार्याला समोर. एक शब्द तोंडातून निसटला की नणंदेसमोर आयुष्यभराची शोभा. तरी मी जाऊबाईंना म्हटलं, तुम्ही नुसतं त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहा, बाई सरळ होतील. निदान छकुलीला तरी खरं सांगा. त्यांनी मान हलवली. “गळ्याचं बोलायचं नसतं.”

मी म्हटलं, “अहो, पण पोरीच्या जन्माचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच. आज तिच्यासाठी एकीचं बोलले, तर उद्या कुठल्या तोंडाने दार उघडू?”

छकुली मात्र काही न कळून पेटली होती. तिने सरळ सांगितलं, हा धंदा बंद कर. आता माझा पगार आहे, तुला काय गरज आहे? जाऊबाई सेट पुसत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, बंद नाही करणार. मग छकुली खूप बोलली. या खोक्यांना मला कधी हात लावू दिला नाहीस, आता त्यांच्यापायी माझं लग्न मोडतेस, असं बोलली. जाऊबाईंनी हातातला सेट खोक्यात ठेवला, झाकण लावलं आणि स्वयंपाकघरात येऊन पाण्याचा ग्लास भरला. पाणी प्यायल्या नाहीत. मी तिथेच होते. त्यांचा चेहरा बघून मला रडू आलं, आणि राग आला तो तिघींचा, त्या दोघींचा आणि मोतीवाल्या बाईंचा. मायलेकींचं बोलणं तेव्हापासून कामापुरतं उरलं.

मोतीवाल्या बाई यायच्या बंद झाल्या. पण मुलाच्या वडिलांचा निवृत्तीचा सत्कार ठरला होता, हे छकुलीच्या बोलण्यात आलं. सगळं नातं-गोतं जमणार होतं. सत्काराच्या आदल्या दिवशी जाऊबाईंनी मोत्यांचं खोकं कागदात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. पत्ता छकुलीच्या बोलण्यातून त्यांनी कधीच टिपून ठेवला असणार. म्हणाल्या, “देऊन ये. आणि हे बघ, काही बोलू नकोस.” मला असं काम सांगणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवणं, पण मी गेले.

दार त्यांनीच उघडलं. मला बघून त्यांचा रंग उडाला. मला आत घेतलं, दार लावलं आणि हळू आवाजात विचारलं, “काय म्हणणं आहे त्यांचं?”

मनात चार गोष्टी तयार होत्या. वाटेत घोकून आले होते. पण त्या बाईंच्या घरात भिंतीवर तोच लग्नातला फोटो होता, आणि त्या फोटोकडे पाठ करून उभ्या होत्या. मी एवढंच म्हटलं, “काही म्हणणं नाही. उद्या समारंभ आहे ना. चाप घट्ट करून दिलाय.”

त्यांनी खोकं घेतलं. भाडं विचारलं नाही आणि मीही काढलं नाही. घरी येऊन मी जाऊबाईंना सांगितलं की मी काही बोलले नाही, आणि त्यांनी पहिल्यांदाच माझ्यावर विश्वास ठेवला.

सत्कारानंतर दोन दिवसांनी मोतीवाल्या बाई सेट परत द्यायला आल्या. नेहमीसारख्या दुपारच्या शांत वेळी. पण या वेळी स्टुलावर न बसता त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. मी दारातून हललेच नाही. मला हलवायचं धाडस कुणी केलं नाही.

“माझ्या मुलाला तुम्ही काही सांगितलं नाहीत,” त्या म्हणाल्या.

“काय सांगायचं?” जाऊबाई म्हणाल्या.

“तुमच्या मुलीलाही नाही?”

“नाही.”

“ती तुमच्यावर रागावलीय, असं मुलगा म्हणत होता.”

“रागावलीय.”

मोतीवाल्या बाईंनी पदर-रुमाल काहीतरी डोळ्यांना लावलं असेल. मला पाठच दिसत होती. मग म्हणाल्या, “मुलीला भेटायला आम्ही केव्हा येऊ?” जाऊबाई म्हणाल्या, रविवारी या, रविवारी मी दुकान बंद ठेवते. इतकंच. मिठ्या नाहीत की काही नाहीत. मी मात्र चहा टाकायला गेले आणि दुधाऐवजी ताकाचं भांडं घेऊन आले, एवढा माझा जीव भांड्यात पडला होता.

लग्न ठरलं. छकुलीला वाटलं, मुलाने आईचं मन वळवलं. तिचा आमच्यावरचा राग काही गेला नाही. लग्नात घालायला तिने स्वतःच्या पगारातून बाजारातला सेट आणला, मोठ्या दुकानातला, चकचकीत. आईच्या फळीकडे बघितलंही नाही. जाऊबाईंनी तो हातात घेतला, उलटा करून बघितला, दांडी जाड आहे असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण म्हणाल्या, “छान आहे.” मग छकुलीने विचारलं, माझ्या लग्नालाही तुझा गुडघा दुखणार आहे का? जाऊबाई म्हणाल्या, येईन, पण मागे बसेन. छकुली म्हणाली, जिथे बसायचं तिथे बस.

लग्नाच्या आधी जाऊबाईंनी मोत्यांचा सेट फळीवरून काढला. रिमूव्हर आणि कापूस घेऊन बसल्या आणि मागचे लाल ठिपके पुसायला लागल्या. मी बघतच राहिले. फळीवरच्या वस्तूचा ठिपका पुसलेला मी आजवर पाहिला नव्हता. डाव्या कानातल्याचा चाप पुन्हा ढिला वाटला म्हणून ते त्यांनी बाजूला पक्कड-खिळ्यांच्या डब्यात ठेवलं, तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, मग दुसरं आलं. हंगाम होता. संध्याकाळी त्यांनी चाप घट्ट केला आणि सेट नव्या खोक्यात बसवून विहिणीच्या हातात दिला. “परत आणू नका,” म्हणाल्या. त्या बाई संकोचल्या, नको नको म्हणाल्या. जाऊबाई म्हणाल्या, “दुसऱ्या कुणाला मी तो कधी दिलाच नाही. तुमचाच आहे, नुसता ठेवायला माझ्याकडे होता.” त्या बाईंनी खोकं पदराआड घेतलं.

लग्नाच्या हॉलमध्ये जाऊबाई शेवटच्या रांगेत भिंतीच्या कडेला बसल्या, नवरीची आई असून. मांडीवर पर्स, पर्समध्ये पक्कड आणि नेलपेंटच्या दोन बाटल्या, कारण त्याशिवाय त्या घराबाहेर पडतच नाहीत. मी शेजारी. त्या सगळ्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या, हनुवटीच्या खाली नजर जाऊ देत नव्हत्या. तरी मला दिसत होतंच. हिरव्या खड्यांचा आमचा, लाल झुमके आमचे, आणि त्या पलीकडच्या उंच बाईच्या गळ्यातली सोनेरी पट्टीही आमचीच. आमच्याकडे नजर जाताच एकेका बाईचा हात वर जायला लागला. जाऊबाई माझ्या कानात म्हणाल्या, “मी बाहेर जाऊन बसते.” मी त्यांचा दंड घट्ट धरून ठेवला.

तेवढ्यात मुलाकडची एक बाई आत आली. डोळ्यांवर चष्मा नव्हता, पण चाल मी कुठेही ओळखली असती. आमच्या गॉगलवाल्या बाई. त्या थेट मोतीवाल्या बाईंपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, इथे आहात होय? मी बाहेर शोधतेय.” मी जाऊबाईंकडे वळले. त्या समोर बघत होत्या. “नणंद?” मी विचारलं. “मला काय माहीत,” त्या म्हणाल्या. त्यांना इतकी वर्षं माहीत होतं. एकीची वेळ दुसरीला कधी दिली नव्हती, आणि मी दार उघडत बसले होते वेड्यासारखी.

मग ते झालं. गर्दीत कुणाचा तरी धक्का लागला आणि मोतीवाल्या बाईंच्या डाव्या कानातलं खाली पडलं. नणंदेने ते चटकन उचललं. “थांबा, मी लावते,” म्हणाली, आणि लावायला म्हणून उलटं केलं. मी तिचा चेहरा बघत होते. तिचा हात तिथेच थबकला. त्या कानातल्याच्या मागे लाल ठिपका होता. गिऱ्हाइकांच्या गडबडीत जाऊबाईंकडून तेवढा एक पुसायचा राहिला होता.

नणंदेने ठिपका ओळखला, आणि तो ओळखायला ती कुठून शिकली हे मी ओळखलं. तिने कानातलं वहिनीच्या तळहातावर ठेवलं आणि स्वतःच्या कानाला हात लावला. मोतीवाल्या बाईंना तो हात दिसला नाही. त्यांना नणंदेचा चेहरा दिसला, हातातला ठिपका दिसला, आणि त्यांना वाटलं, आता सगळं संपलं. जाऊबाईंनीही दुरून ते पाहिलं. त्यांच्या हातातली पर्स खाली पडली. “मी कसं विसरले,” एवढंच त्या पुटपुटल्या. एवढ्या वर्षांत त्यांना मी घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं.

मोतीवाल्या बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी कानातलं मुठीत घेतलं आणि सगळ्या हॉलमधून, पाहुण्यांच्या मधून, आमच्या शेवटच्या रांगेपर्यंत चालत आल्या. नवऱ्या मुलाची आई कुठे निघाली म्हणून लोक वळून बघत होते. जाऊबाई उठून उभ्या राहिल्या.

“विहीणबाई, चाप निसटलाय,” मोतीवाल्या बाई म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. “तुम्हीच लावा. इतकी वर्षं तुमच्या हाताची सवय आहे.”

जाऊबाईंनी पर्स उचलली. रिमूव्हर नाही आणला, पण खरवडून काढते, असं त्या हळूच म्हणाल्या. विहिणीने मान हलवली.

“ठिपका राहू द्या. तुमच्याकडचं आहे हे कळलं तरी चालेल मला.”

जाऊबाईंनी चाप घट्ट केला, कानाला लावला, पाळी बोटाने चाचपून बघितली. आणि सवयीने म्हणाल्या, “आता हसा.” विहीणबाई हसल्या. खरंच हसल्या, मान मागे टाकून, आणि काही अडकलं नाही.

थोड्या वेळाने नणंदबाई आल्या. खुर्ची ओढून जाऊबाईंसमोर बसल्या आणि कुणाकडे न बघता म्हणाल्या, “माझीही फिरकी जरा बघता का?” मोतीवाल्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी नणंदेकडे बघितलं, नणंदेने जमिनीकडे. पुढे दोघींमध्ये काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, गळ्याचं बोलायचं नसतं. पण त्यानंतर ती उंच बाई आली, मग लाल झुमकेवाली, मग आणखी एक, आणि शेवटच्या रांगेत रांग लागली. आमच्या जाऊबाईंनी लेकीचं अर्धं लग्न पक्कड हातात घेऊनच काढलं.

छकुली स्टेजवरून हे सगळं बघत होती. फोटो संपल्यावर ती खाली उतरली, जड कपडे सावरत मागच्या रांगेत आली आणि आईच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, “तुला सगळं माहीत होतं. मी एवढं बोलले तुला. मला सांगितलं का नाहीस?”

“सांगायला तो गळा माझा होता का?” जाऊबाई म्हणाल्या.

छकुलीने डोळे पुसले. मग स्वतःचे केस मागे घेतले. दोन्ही कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या. “माझंही बघ ना आई. सकाळपासून टोचतंय.”

जाऊबाईंनी तिच्या कानातली अलगद काढली, दांड्या फडक्याने पुसल्या, बिनरंगी नेलपेंटचा हात दिला आणि दोन्ही कानातली चिमटीत धरून फुंकर घालत बसल्या. “वाळेपर्यंत हलू नकोस,” म्हणाल्या. स्टेजवरून तिला दोनदा बोलावणं आलं. ती हलली नाही.